पंपावर मांडलेला घट

त्या वर्षी घट कुठे मांडायचा हे ठरवायला सासूबाई घरभर भिंतींना हात लावत फिरल्या. क्रॉयडनमधलं आमचं भाड्याचं घर एका लांबलचक रांगेतलं, अरुंद, दुमजली, आणि ऑक्टोबर लागतो न लागतो तोच गारठलेलं. हॉल गार, किचन गार, आमच्या बेडरूमच्या खिडकीतून तर वारा सरळ आत. शेवटी जिना चढून आल्यावर लँडिंगला जे कपाट होतं ते त्यांनी उघडलं, आत हात घातला आणि म्हणाल्या, "इथे. इथे धान उगवेल."

ते एअरिंग कबर्ड. इथल्या जुन्या घरांतून असतंच. आत गरम पाण्याची तांब्याची टाकी, वर पट्ट्यापट्ट्यांच्या फळ्या, त्यांवर टॉवेल-चादरी ठेवायच्या म्हणजे त्यांना दमट वास येत नाही. फळ्यांच्या खाली, पाइपांच्या गुंत्यात, नारळाएवढा एक विजेचा पंप. बॉयलरने तापवलेलं पाणी घरभरच्या रेडिएटरमधून फिरवायचं हे त्याचं काम. चालू असला की बारीक घुरघुर करायचा. घर घेतलं तेव्हा एजंटने कपाट उघडून दाखवलं, आणि मी पहिल्याच आठवड्यात त्यात दही विरजायला ठेवलं. पुणं सोडल्यापासून इतकं घट्ट दही माझ्याकडे कधी लागलं नव्हतं.

धान उगवायला हवं, एवढंच सासूबाईंना हवं होतं. पुण्याला दर वर्षी त्या घट बसवतात. परडीत काळी माती, मातीत सात धान्यं, मधोमध पाण्याचा कलश, वर रोज एक माळ. दसऱ्यापर्यंत धान कसं वाढतं त्यावरून घराचं पुढचं वर्ष कसं जाणार ते बघायचं. आणि आमचं मागचं वर्ष कसं गेलं ते विचारायची सोय नव्हती. ऑगस्टमध्ये, पाचव्या महिन्यात, माझं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर या घरात पहिल्यांदाच काहीतरी पेरलं जाणार होतं. ते उगवलं नसतं तर माझ्यासमोर ती उघडी माती घेऊन त्या काय बोलणार होत्या? हे त्या म्हणाल्या नाहीत, पण मला कळत होतं. नुसतं कळत होतं, बाकी काही होत नव्हतं.

मी पुण्याला जावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं. पण आमचे दोघांचेही पासपोर्ट व्हिसा वाढवायला दिलेले, आमच्याच गावातल्या सरकारी ऑफिसात. ट्रॅममधून ती बिल्डिंग दिसायची, पासपोर्ट मात्र मिळायचे नाहीत. म्हणून मग सासूबाईच आल्या. सत्तरी ओलांडलेली, डायबिटीसची बाई, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली, तीही बॅगेत अळीव, डिंक आणि शतावरी भरून. विमानतळावर कोणीतरी डिंकाचा खडा हातात घेऊन बराच वेळ बघत होतं म्हणे.

ते सगळं बाळंतिणीचं सामान. मी म्हटलं, "आई, आता हे कशाला?"

"बाळ नाही म्हणून बाळंतपण झालं नाही असं कुठे आहे?" त्या म्हणाल्या. "अंगाला काय कळतंय. खा."

मी खाल्लं. लाडू गोड होते की नाही हे आज विचाराल तर सांगता येणार नाही.

मी सिक लीव्हवर होते. ऑफिसने 'टेक ऑल द टाइम यू नीड' म्हटलं होतं आणि तो टाइम मी लँडिंगवर बसून घेत होते. एअरिंग कबर्डच्या दाराला लागून एक रेडिएटर होता. त्याला पाठ टेकायची, कार्पेटवर पाय पसरायचे आणि बसायचं. रडू येत नव्हतं. फोन आला की 'बरी आहे' म्हणायचे आणि ते खोटंही नव्हतं, कारण दुखत काहीच नव्हतं. दाढ काढायला इंजेक्शन दिल्यावर अर्धं तोंड कसं होतं, तसं माझं अख्खं अंग झालं होतं. लोकांना वाटायचं मी किती धीराने घेतेय. कसला धीर.

घटस्थापनेच्या सकाळी मायलेकांचं वाजलं ते दिव्यावरून. घटापाशी अखंड दिवा हवा, हे आईंचं म्हणणं. नवरा म्हणाला, "टॉवेलांच्या कपाटात नऊ दिवस दिवा? घर जाळशील, आई." तो पुण्यात इलेक्ट्रिकल शिकलेला, इथे बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा, आणि अशा वेळी ती डिग्री बाहेर काढायचा. शेवटी तह झाला. घट वर कपाटात, दिवा खाली किचनमध्ये टाइल्सवर. देवी समजून घेईल, असं आईंनी परस्पर ठरवून टाकलं. आगीचा विचार आम्ही अगदी कसून केला. पाण्याचा कोणाच्या मनातही आला नाही.

माती गार्डन सेंटरची. आईंनी पिशवीत हात घालून वास घेतला आणि म्हणाल्या, "ही माती नव्हे, भुसा आहे." भुसाच होता. वरून पाणी घातलं की खालून निघून जायचं. परडीही पाउंड शॉपमधली, फळं ठेवायची, विणीला ही मोठी भोकं. तेव्हा आई सकाळ-संध्याकाळ जरा जास्तच पाणी घालायच्या. ते पट्ट्यांच्या फटींतून खाली कुठे जातं हे वाकून बघायला त्यांचे गुडघे तयार नव्हते. आणि माझे होते, तर मी त्या कपाटात डोकावतच नव्हते.

तिसऱ्या की चौथ्या माळेला माझ्या बोटांना मुंग्या आल्या. रेडिएटरवर हात ठेवला की टोकांना बारीक झिणझिण, काढला की बंद. मी पुन्हा ठेवला. पुन्हा आल्या. खरं सांगते, मला बरं वाटलं. इतक्या आठवड्यांत अंगाला काहीतरी होतंय असं पहिल्यांदाच झालं होतं. मग मी तो हात तिथेच ठेवून बसायला लागले.

संध्याकाळी नवऱ्याला सहज बोलले. "स्टॅटिक आहे गं," तो म्हणाला. "नायलॉनचं कार्पेट. ऑफिसात दाराच्या हँडलला रोज बसतो मला." आई म्हणाल्या, "अशक्तपणा. उद्यापासून दोन लाडू." घटाला पाणी घालताना पाइपला हात लागला की स्वतःलाही मुंग्या येतात, हे त्या बोलल्या नाहीत. शुगर वाढली असणार असं धरून त्यांनी दुपारचा भात सोडला. म्हणजे आम्हा दोघींना एकाच जागी शॉक बसत होता आणि तिघांनी तीन निदानं केली होती.

पुण्यात हे असं झालं असतं का? सासरे विजेच्या खात्यात वायरमन होते. आई आजही लाकडी पाटावर उभ्या राहिल्याशिवाय इस्त्री करत नाहीत, आणि पावसाळ्यात फ्रीजला आधी उलटा हात लावून बघतात, करंट उतरलाय का म्हणून. पण इथे? इथल्या प्लगला तीन जाडजूड पिना, बाथरूममध्ये दिव्याला बटण नाहीच, छतातून लोंबणारी दोरी ओढायची. आल्या दिवशी आईंनी ती दोरी दोन-तीनदा ओढून बघितली. "ओल्या हाताने बटणाला हात लावायलाच नको," म्हणाल्या, "किती विचार केलाय माणसांनी." अशा देशात रेडिएटरमध्ये करंट उतरतो हे आमच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. बिघाड असेल तर तो आमच्यातच असणार, असं आम्ही तिघांनी न बोलता मान्य केलं होतं.

सातव्या माळेला शनिवार होता. नवरा आंघोळ करून ओल्या पायांनी लँडिंगवर आला, ओला टॉवेल रेडिएटरवर टाकायला. टाकला आणि मागे फेकला गेला. कठड्यावर पाठ आपटली, आवाज असा आला की खालून आई म्हणाल्या, "काय पाडलंस?" तो हात छातीशी धरून खाली बसला. ओठ पांढरे पडलेले.

"हे स्टॅटिक नाही," तो म्हणाला.

मी हातभर अंतरावर बसले होते. माझा हात तेव्हाही रेडिएटरवर होता. त्याने पायाने माझा हात ढकलून बाजूला केला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सासऱ्यांचा टेस्टर आमच्याच बॅगेत होता. स्क्रूड्रायव्हरसारखा, दांड्यात बारीक दिवा. लग्नानंतर आम्ही निघताना सासऱ्यांनी तो नवऱ्याच्या हातात दिला होता, आणि इथे येऊन एकदाही बाहेर काढला नव्हता. रेडिएटरच्या रंग उडालेल्या कोपऱ्याला टेकवला, नारिंगी दिवा लागला. बेडरूममधल्या रेडिएटरला लागला. पाइपला लागला. आई जिना चढून आल्या होत्या. त्यांनी तो दिवा बघितला, तशाच खाली उतरल्या आणि जिन्याखालचं मेन स्विच पाडून आल्या. त्या घरात मेन कुठे आहे हे मलाही धड माहीत नव्हतं. त्यांनी आल्याबरोबर बघून ठेवलं होतं.

दुपारी घरमालकाने पाठवलेला इलेक्ट्रिशियन आला. लठ्ठ, सर्दी झालेला, सारखा नाक ओढणारा माणूस. कपाटासमोर बसला आणि घट बघून म्हणाला, "क्रेस का? माझी मुलगी शाळेत लावते, कापसावर." मी हो म्हटलं. कोण समजावत बसणार. त्यांचं ते क्रेस म्हणजे आपले अळीवच, हे मला पुढे कधीतरी कळलं.

त्याने आत टॉर्च मारला आणि नाक ओढायचा थांबला. मग सांगितलं ते असं. पंपाच्या वायरी जिथे जोडतात त्या डबीचं झाकण अर्धवट बसवलेलं, एक स्क्रू नाहीच. घटाचं पाणी वायरवरून ओघळून नेमकं त्या डबीत जात होतं. आतली अर्थची वायर जोडलेली असती तर फ्यूज उडाला असता आणि सगळं तिथेच थांबलं असतं. ती कोणी जोडलीच नव्हती, नुसती गुंडाळून आत कोंबली होती. पाइपांना वेगळी अर्थिंग असते, पण कधीतरी दुरुस्ती करताना मध्येच प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा घातल्यामुळे तीही तुटलेली. म्हणजे पाणी आमचं आणि बाकी सगळं आमच्या आधीच्या कोणाचं तरी. "ओले पाय, एक हात रेडिएटरवर आणि दुसरा नळावर," तो म्हणाला, "तर आज मला नाही, दुसऱ्या कोणालातरी बोलवावं लागलं असतं."

हा पंप तो तोडून ठेवणार होता. नवा मंगळवारी. तोवर घरात दिवे चालतील, हीटिंग नाही. आणि हे ओलं सगळं कपाटातून आत्ता बाहेर काढा, त्याशिवाय मी आत हात घालणार नाही, म्हणाला.

मी आईंना मराठीत सांगितलं. बसवलेला घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. आईंच्या तरुणपणी एकदा ऐन नवरात्रात छत गळलं, तेव्हा त्या घटावर छत्री धरून बसल्या होत्या, पण घट हलवला नव्हता. ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून दर नवरात्रात ऐकलीय.

"आई, तो काय म्हणतोय ते कळतंय ना?" नवरा म्हणाला. "तू रोज ओल्या हातांनी तिथे पाणी घालत होतीस. मेली असतीस."

"माझं काय, पिकलं पान," आई म्हणाल्या. "मेन बंद आहे ना? मंगळवारी दसराच आहे. दोन दिवस अंधारात काढू. घट हलायचा नाही."

इलेक्ट्रिशियन उभा. नवरा डोकं धरून पायरीवर बसलेला. आणि मी बोलले. का बोलले ते मला आजही सांगता येत नाही.

"आई, मी हात मुद्दाम ठेवत होते तिथे."

"कुठे?"

"रेडिएटरवर. मुंग्या यायच्या ना. दिवसभर ठेवायचे."

"मुद्दाम?"

"काहीतरी होतंय असं वाटायचं."

आई माझ्याकडे बघत राहिल्या. इलेक्ट्रिशियनला मराठी कुठलं यायला, पण तोही उगाच जिन्याकडे बघायला लागला. मग आईंनी पदर खोचला, त्या गुडघ्यांनी कपाटात वाकल्या आणि घट कलशासकट उचलून बाहेर घेतला.

"मांडी घालून बस," मला म्हणाल्या. मी बसले. त्यांनी घट माझ्या मांडीवर ठेवला. "जमिनीवर ठेवला तर एकीकडून उठवून दुसरीकडे मांडला असं होतं. मांडीवर म्हणजे नुसता धरलाय. देवीला काय सांगायचं ते मी सांगते. तू धर."

असला नियम कुठल्या पोथीत नाही. यंदा घट बसवावा की नाही हे विचारायला त्यांनी फोनकार्ड संपेपर्यंत पुण्याच्या गुरुजींचं डोकं खाल्लं होतं. हे मात्र कोणाला विचारलं नाही.

मी तोवर घट बघितलाच नव्हता. सात माळा झाल्या तरी नुसता काळा भुसा, आणि पाइपाकडच्या बाजूला पेराएवढे चार-पाच पिवळट कोंब. बाकी सगळं उघडं. म्हणूनच त्या मला बोलावत नव्हत्या. जड होता घट. ओला, गार, माझी सलवार लगेच भिजली. बाळाचं वजन हॉस्पिटलमध्ये सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून दोन्ही हात परडीभोवती घेतले.

दसऱ्यापर्यंत घट घरातल्या मांड्यांवर राहिला, जास्त करून माझ्याच. भोवती जाड दुलई, शेजारी आईंची गरम पाण्याची पिशवी. माझे हात अडकलेले, तेव्हा आई मला घास भरवायच्या. मी उठले की त्या धरायच्या, संध्याकाळी नवरा धरायचा, टीव्ही बघत, पाठ दुखत होती तरी. "चला, ड्यूटी बदला," म्हणायचा. घरात इतकी थंडी की आई दोन स्वेटरांवर त्याचा ऑफिसचा कोट चढवून आरती म्हणायच्या. आमच्या वर्षाला हा तेरावा महिनाच लागला होता. मला अजूनही रडू येत नव्हतं. तीनतीनदा वाकून बघायचे, एवढंच. आज कोंब जास्त दिसतायत का, की मलाच तसं वाटतंय.

मंगळवारी सकाळी परडी भरली होती. बोटभर धान, पिवळं, शेंड्याला जरासं हिरवं. पाइपाच्या बाजूचं उंच, दुसरीकडचं ठेंगणं. आईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "आलं." मग कोटाच्या बाहीला नाक पुसलं.

इलेक्ट्रिशियनने नवा पंप बसवला. अर्थची हिरवी-पिवळी वायर जोडली ती आधी आम्हाला बोलावून दाखवली, पाइपांनाही नवी अर्थिंग केली, झाकणाचे दोन्ही स्क्रू पिळले. तो गेल्यावर नव्हे, त्याच्यादेखत, आई सासऱ्यांचा टेस्टर घेऊन घरातल्या एकेका रेडिएटरला लावत फिरल्या. कुठेच दिवा लागला नाही. त्यालाही राग आला नाही. अळिवाचा लाडू दिला तो त्याने रुमालात बांधून खिशात टाकला.

मग आईंनी घट उठवला. धान खुडून देवीला वाहिलं. नवऱ्याच्या कानावर खोवलं, तो तसाच ट्रॅमने ऑफिसला गेला. माझ्या केसांत खोवलं आणि त्या खाली गेल्या.

मी लँडिंगवर जाऊन माझ्या जागी बसले. मांडी रिकामी. कपाटातून नव्या पंपाची घुरघुर येत होती, रेडिएटर टकटक करत तापत होता. मी सवयीने हात मागे नेला. तो पडला खालच्या उघड्या तांब्याच्या पाइपवर, आणि पाइप चांगलाच तापलेला.

"आई गं."

हात मागे घेतला. तळव्यावर लाल पट्टा. मुंग्या नाहीत, झिणझिण नाही. साधा चटका.

"काय झालं?" किचनमधून आईंनी विचारलं.

"चटका बसला."

"लागलं का फार?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला. आई एकेक पायरी चढत वर आल्या, कठडा धरून माझ्याशेजारी खाली बसल्या आणि माझा हात उलटा करून बघितला.

"लागलं, आई," मी म्हणाले. "खूप लागलं."

"लागणारच," त्या म्हणाल्या, आणि तळव्यावर फुंकर घालत राहिल्या.